नाणे टाका, फुंका, आकडा वाचा

रेल्वे स्थानकावरचे वजनाचे यंत्र आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. नाणे टाकावे, दिवे लुकलुकावेत आणि वजन छापलेले तिकीट हातात पडावे. त्याच जातीचे एक यंत्र अमेरिकेत १९७० च्या दशकात मद्यालयांसाठी तयार झाले. नाणे टाकले की यंत्रातून एक नळी बाहेर येई. गिऱ्हाइकाने तीत फुंकले की रक्तातील मद्यार्काचे प्रमाण दिसे आणि सोबत एक सल्लाही मिळे. आकडा ०.०४ किंवा त्याहून कमी आला तर जपून गाडी चालवा, ०.०५ ते ०.०९ आला तर पायी जा, आणि ०.१० किंवा अधिक आला तर गाडीत प्रवासी म्हणूनच बसा, अशा अर्थाचा.

हे यंत्र घडवण्यात रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांचा हात होता. पोलीस ज्याच्या साहाय्याने वाहनचालकाचा श्वास तपासतात ते ‘ब्रेथॲलायझर’ यंत्र त्यांनीच १९५४ साली इंडियाना राज्याच्या पोलीस दलात असताना तयार केले होते. म्हणजे नाण्याच्या यंत्रामागचा माणूस अधिकारी होता आणि हेतूही चांगला होता. चालकाला रस्त्यावर पकडण्याऐवजी दारातच सावध करावे, यात वावगे काय? तरीही असे यंत्र भिंतीवर टांगण्यापूर्वी मद्यालयाचा मालक वकिलाला विचारतो, आणि वकील बहुधा कपाळाला आठ्या घालतो. या आठ्यांचे मूळ कायद्यात आहे तितकेच रसायनशास्त्रात आणि शरीरशास्त्रातही आहे. म्हणून आधी विज्ञान पाहू.

श्वासातून रक्ताकडे

अत्तराची बाटली बंद असली तरी द्रवाच्या वरच्या मोकळ्या जागेत अत्तराची वाफ असतेच. तापमान कायम असेल तर द्रवात त्या पदार्थाची संहती जितकी जास्त, तितके त्याचे वरच्या हवेतील प्रमाण जास्त. हा हेन्रीचा नियम. आपल्या फुप्फुसांतील वायुकोशांत हेच घडते. वायुकोशाच्या अत्यंत पातळ भिंतीच्या एका बाजूला रक्त आणि दुसऱ्या बाजूला हवा असते. रक्तातील मद्यार्क या हवेत उतरतो आणि उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो.

किती उतरतो? अमेरिकेत धरलेले प्रमाण २१०० ला १ असे आहे. म्हणजे २१०० मिलिलिटर उच्छ्वासात जेवढा मद्यार्क, तेवढाच १ मिलिलिटर रक्तात. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत चालकासाठी मर्यादा ०.०८ आहे, याचा अर्थ १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम मद्यार्क. हिशेब केला तर ही मर्यादा गाठलेल्या माणसाच्या एक लिटर उच्छ्वासात सुमारे ०.३८ मिलिग्रॅम मद्यार्क असतो. साखरेच्या एका दाण्याचे वजनही याहून अधिक भरेल. एवढीशी गोष्ट गोंगाटाच्या खोलीत, भिंतीवरच्या खोक्याने मोजायची आहे, हे ध्यानात घ्यावे.

आता पहिली अडचण. २१०० हा आकडा निसर्गाने ठरवून दिलेला नाही, तो माणसांनी स्वीकारलेला आहे. व्यक्तीव्यक्तींत हे प्रमाण साधारण १५०० पासून ३००० पर्यंत बदलते, आणि एकाच व्यक्तीत वेळेनुसारही बदलते. इंग्लंडच्या कायद्यात १०० मिलिलिटर श्वासात ३५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा रक्तातील ८० मिलिग्रॅमशी जुळवलेली आहे. भागाकार करून पाहिल्यास तेथे प्रमाण २३०० च्या जवळ येते. ज्या श्वासाचा अर्थ अमेरिकेत ०.०८० लावला जातो, त्याचाच अर्थ २३०० च्या हिशेबाने ०.०८८ होतो. श्वास तोच, फक्त गुणक निराळा!

दुसरी गोष्ट फुंकण्याच्या पद्धतीची. सुरुवातीचा श्वास घशातून आणि श्वासनलिकेतून येतो. खोल वायुकोशांतील हवा शेवटी येते. त्यामुळे अर्धवट फुंकर मारणाऱ्याचा आकडा कमी दिसतो. आधी भरभर श्वासोच्छ्वास केला तर आकडा घटतो, श्वास रोखून धरला तर वाढतो. श्वासाचे तापमान एका अंशाने वाढले तर आकडा सुमारे साडेसहा टक्क्यांनी वर जातो. उलट, नुकताच घोट घेतलेला असेल तर तोंडातच मद्यार्काची वाफ असते आणि यंत्र भलताच मोठा आकडा दाखवते. म्हणूनच रीतसर तपासणीत फुंकण्यापूर्वी निदान पंधरा मिनिटे काही खाऊपिऊ देत नाहीत. हातात पेला घेऊन यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाकडून ही शिस्त कोण पाळून घेणार?

यंत्राच्या पोटात

सुरुवातीच्या यंत्रांतील रसायनशास्त्र आपल्या वर्गातले आहे. इंडियाना विद्यापीठातील रोला हार्गर यांच्या ‘ड्रंकोमीटर’मध्ये श्वास फुग्यात भरून पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या द्रावणातून सोडीत आणि रंग केव्हा जातो ते पाहत. बोर्केनस्टाइन यांनी पोटॅशियम डायक्रोमेटचे आम्लयुक्त द्रावण घेतले. मद्यार्काचे ऑक्सिडीकरण होऊन ॲसेटिक आम्ल तयार होते आणि नारिंगी रंग फिका पडत हिरवटपणाकडे झुकतो. हा बदल डोळ्यांनी न जोखता प्रकाशघटांनी मोजायचा, ही त्यांची खरी भर. (पोलीस दलात ते छायाचित्रणाच्या कामातून पुढे आले होते, हे येथे आठवते.) डायक्रोमेट विषारी आणि कर्करोगकारक असल्याने हा प्रयोग शाळेत करून दाखवण्याचा मोह मात्र टाळावा.

आजच्या पोलिसांच्या हातातील उपकरणांत बहुधा इंधन घट असतो. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मद्यार्काचे ऑक्सिडीकरण होते आणि त्यातून निर्माण झालेला विद्युतप्रवाह मोजतात. ठाण्यातील मोठ्या यंत्रांत अवरक्त किरणांचे शोषण मोजतात. स्वस्त उपकरणांत मात्र टिन ऑक्साइडचा तापवलेला अर्धवाहक असतो. हा संवेदक मोठा गुणी, पण त्याला पारख नाही. मद्यार्क, ॲसिटोन, अत्तर, सिगारेटचा धूर, साऱ्यांना तो प्रतिसाद देतो आणि काळानुसार त्याचे वाचन सरकत जाते. कोणत्याही वायुसंवेदकाबरोबर काम केलेला संशोधक सांगेल की संवेदकाची किंमत एक वेळ परवडते, पण त्याचे नियमित अंशांकन करणारा माणूस परवडत नाही. ३४ अंश सेल्सियसला ठेवलेल्या, संहती माहीत असलेल्या मद्यार्काच्या द्रावणावरून हवा सोडून यंत्र पडताळायचे, नोंद ठेवायची, चुकले तर काढून न्यायचे. खेळाच्या यंत्रांतून नाणी गोळा करीत फिरणारा माणूस हे काम करील का?

आकडा खरा, सल्ला खोटा

समजा, यंत्र अगदी निर्दोष आहे. तरीही एक प्रश्न उरतो, आणि माझ्या मते सर्वांत गंभीर प्रश्न हाच आहे.

सत्तर किलो वजनाचा एक माणूस रात्री नऊ वाजता प्यायला बसला असे धरू. अमेरिकेत एका प्रमाण पेयात १४ ग्रॅम मद्यार्क धरतात. अकरापर्यंत त्याने सावकाश तीन पेये घेतली. बंद व्हायची वेळ झाली म्हणून अकरा वाजता आणखी दोन घाईने संपवली. सव्वाअकराला त्याने यंत्रात नाणे टाकले. पहिल्या तीन पेयांतला मद्यार्क रक्तात उतरला आहे आणि त्यातला काही यकृताने नष्टही केला आहे. यकृताचा वेग ताशी सुमारे १५ मिलिग्रॅम प्रति १०० मिलिलिटर. शेवटच्या दोन पेयांतला बराचसा मद्यार्क मात्र अजून जठरात आणि आतड्यात आहे. यंत्र ०.०७ दाखवते. मर्यादेच्या आत! माणूस समाधानाने किल्ली फिरवतो. पावणेबारापर्यंत उरलेला मद्यार्क रक्तात येतो आणि प्रमाण ०.१० च्या आसपास पोहोचते. त्या वेळी तो महामार्गावर आहे.

हा हिशेब वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना करता येतो. एकूण मद्यार्क ७० ग्रॅम. पुरुषाच्या बाबतीत शरीराच्या वजनाचा सुमारे ०.६८ भाग मद्यार्क सामावून घेतो असे धरतात, म्हणजे ४७.६ किलो. भागाकार करा, पावणेतीन तासांत यकृताने काढलेले वजा करा, उत्तर येईल. स्त्रियांसाठी हा गुणक कमी असतो, जेवणानंतर शोषण मंदावते, अशा आणखी छटा आहेतच. मुख्य मुद्दा असा की पोलिसांचे यंत्र रस्त्यावर थांबवलेल्या माणसाची आताची स्थिती सांगते आणि कायद्यालाही तीच हवी असते. मद्यालयातील माणसाला पुढच्या तासाचे भाकीत हवे असते. ते भाकीत हे यंत्र करीत नाही, पण ‘जपून गाडी चालवा’ या वाक्यातून केल्याचा भास निर्माण करते.

याच्याच जोडीला चुकीच्या दिशेचा प्रश्न आहे. बहुसंख्य लोकांत खरे प्रमाण २१०० पेक्षा काहीसे जास्त असते, त्यामुळे २१०० च्या गुणकाने आकडा सरासरीने थोडा कमीच येतो. न्यायालयात हे योग्यच आहे, संशयाचा फायदा आरोपीला मिळायला हवा. पण तेच कमी मापणे मद्यालयात उलटे पडते. ज्या माणसाचे प्रमाण २५०० आहे त्याच्या रक्तात खरोखर ०.०८० असताना यंत्र ०.०६७ म्हणेल. पोलिसांच्या हातात जी चूक सुरक्षित, ती गिऱ्हाइकाच्या हातात धोकादायक.

वकिलाच्या आठ्या

अमेरिकेतील अनेक राज्यांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ‘ड्रॅम शॉप’ नावाचे कायदे आहेत. ड्रॅम हे मद्याचे एक जुने माप. मद्य विकणाऱ्याने आधीच झिंगलेल्या माणसाला आणखी पाजले आणि त्या माणसाने पुढे कोणाला इजा केली, तर जखमी व्यक्तीला विक्रेत्याकडून नुकसानभरपाई मागता येते. तपशील राज्यागणिक बदलतो. न्यूयॉर्क, न्यू जर्सी अशा राज्यांत गिऱ्हाइकाची नशा ‘दिसत’ होती का, हा कळीचा प्रश्न असतो. कॅलिफोर्नियाने १९७८ मध्ये विक्रेत्यांची ही जबाबदारी जवळजवळ काढूनच टाकली. उघड झिंगलेल्या अल्पवयीनाला पाजले तरच ती उरते.

‘दिसत होती’ या शब्दांवर क्षणभर थांबू. सराईत पिणारा ०.१५ लाही सरळ चालतो, नीट बोलतो. मालक न्यायालयात सांगू शकतो की मला काहीच दिसले नाही. आता त्याच खोलीत यंत्र आहे, गिऱ्हाइकाने फुंकले, लाल अक्षरांत ०.१५ उमटले, शेजारच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या (अशा यंत्रांवर मोठ्या आकड्याची पैज लागणे हा त्यांचा जुना रोग आहे) आणि सेवकाने पुढचा पेला भरला. आता ‘दिसले नाही’ म्हणायची सोय राहिली का? यंत्राच्या स्मृतीत वेळेसह नोंद असेल तर जखमी पक्षाचा वकील तीच पहिली मागेल. न दिसणारी गोष्ट यंत्राने दिसती केली.

दुसरा धोका उलट दिशेचा आहे, कमी आकड्याचा. इंग्लंड-अमेरिकेच्या अपकृत्य कायद्यात एक तत्त्व आहे. दुसऱ्याच्या मदतीला जाण्याचे बंधन सहसा कोणावर नसते, पण एकदा मदतीचे काम अंगावर घेतले आणि समोरचा त्यावर विसंबला, तर ते काम वाजवी काळजीने केलेच पाहिजे. मालकाने यंत्र लावले नसते तर कोणी विचारले नसते. लावले, वर नाणेही घेतले, म्हणजे सेवा विकली. अंशांकन वर्षभर झालेले नाही, आकडा खाली सरकलेला आहे, आणि त्याच्या भरवशावर माणूस गाडी घेऊन निघाला, तर दाव्यात मद्यालयाचा मालक, यंत्र भाड्याने ठेवणारा आणि यंत्राचा उत्पादक असे तिघेही ओढले जाऊ शकतात.

यावर उपाय म्हणून यंत्रावर ‘केवळ करमणुकीसाठी’ अशी पाटी लावतात. ही पाटी मला कधीच पटलेली नाही. गाडी चालवण्याचा सल्ला देणारे यंत्र करमणुकीचे कसे? कायद्याच्या दृष्टीने तिची मोठी उणीव वेगळीच आहे. पाटी वाचून फुंकणाऱ्याला तिने एक वेळ बांधता येईल. समोरून येणाऱ्या गाडीतल्या कुटुंबाने ती पाटी वाचलेली नसते.

न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये निकाल दिलेला एक खटला या संदर्भात बोलका आहे. तेथे मद्यालय नव्हते, घरगुती पाहुणचार होता. पाहुण्याने दोन-तीन पेले घेतल्याचे सांगण्यात आले. तो गाडी घेऊन निघाला आणि समोरच्या गाडीवर आदळला. रक्ततपासणीत ०.२८६ आढळले, आणि तज्ज्ञाच्या मते ते तेरा पेयांच्या बरोबरीचे होते. पाहुणा नशेत असून गाडी चालवणार आहे हे माहीत असताना पाजणारा यजमानही जबाबदार ठरू शकतो, असे न्यायालयाने म्हटले. माहीत असणे याला किती वजन आहे ते यावरून कळावे.

ऑस्ट्रेलियात न्यायालयांचा कल वेगळा दिसतो. न्यू साउथ वेल्समधील एका क्लबात एक महिला सकाळपासून प्यायली होती. क्लबने तिला टॅक्सी देऊ केली, ती तिने झिडकारली, आणि संध्याकाळी रस्त्यावर तिला गाडीने धडक दिली. २००४ मध्ये तेथील उच्चतम न्यायालयाने बहुमताने क्लबला जबाबदार धरले नाही. २००९ मध्ये टास्मानियातील प्रकरणात तर मद्यालयाने गिऱ्हाइकाची मोटारसायकल आत ठेवून घेतली होती. नंतर त्याने किल्ल्या मागितल्या, मालकाने ठीक आहेस ना असे पुन:पुन्हा विचारून त्या दिल्या आणि तो अपघातात मरण पावला. सज्ञान माणसाला त्याचे वाहन नाकारण्याचा अधिकार मालकाला नव्हता आणि अपवाद वगळता तशी जबाबदारीही त्याच्यावर येत नाही, असा निकाल लागला. आकडा कितीही मोठा आला तरी मालकाच्या हातात बळ किती, हा प्रश्न या निकालाने उघडा केला. तेथे व्यक्तिगत वापराच्या श्वासयंत्रांसाठी एएस ३५४७ हे राष्ट्रीय मानकही आहे.

फ्रान्सने आणखी वेगळी वाट धरली. रात्री दोन ते सकाळी सात या वेळात बंद होणाऱ्या मद्यालयांनी गिऱ्हाइकांसाठी श्वासचाचणीची सोय ठेवलीच पाहिजे, असा नियम तेथे १ डिसेंबर २०११ पासून लागू झाला. अमेरिकेतील मालक ज्याला घाबरतो ते फ्रान्समधील मालकाला न ठेवल्यास गुन्हा होतो. मला फ्रान्सची पद्धत अधिक शहाणपणाची वाटते, कारण यंत्र कसे असावे आणि ते कोणी ठेवावे हे तेथे शासन ठरवते, नाण्यांचा गल्ला नव्हे.

उत्पादकांचीही सुटका नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१७ च्या जानेवारीत ‘ब्रेथोमीटर’ या कंपनीविरुद्ध कारवाई केली. मोबाइल फोनला जोडायची तिची श्वासयंत्रे पोलिसांच्या यंत्रांइतकी अचूक असल्याची जाहिरात होती. ‘ब्रीझ’ हे त्यांतले एक यंत्र नेहमीच मद्यार्क कमी दाखवते हे ठाऊक असूनही कंपनीने विक्री चालू ठेवली, असा आयोगाचा आरोप होता. तडजोडीत कंपनीला ग्राहकांना पैसे परत देण्याचे मान्य करावे लागले. येथेही तक्रार कमी दाखवण्याचीच होती.

आपल्याकडे

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार भारतात मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ आहे. गंमत पाहा, ०.०४ ला ‘जपून गाडी चालवा’ म्हणणारे ते मूळ अमेरिकन यंत्र मुंबईत आणले तर ते लोकांना गुन्हा करण्याचा सल्ला देईल. आपल्याकडच्या ६० मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगात, ४२.८ टक्क्यांच्या हिशेबाने, सुमारे २० ग्रॅम मद्यार्क असतो. वरचेच सूत्र वापरले तर सत्तर किलोच्या माणसात तेवढ्यानेच प्रमाण ४० च्या पुढे जाऊ शकते.

पाहणे आणि मोजणे यांतला भेद महाराष्ट्राला जुना आहे. मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ मध्ये रक्तातील ०.०५ टक्के मद्यार्काला पुरावा म्हणून विशेष स्थान आहे. अपघाताच्या एका प्रकरणात १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की तोंडाला येणारा वास, अडखळती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस नशेत होता असा निष्कर्ष काढता येत नाही. रक्त तपासलेले नव्हते. म्हणजे आपल्या न्यायालयाने आकडा मागितला, आणि आकडा द्यायचा तर यंत्र विश्वासार्ह हवे.

३० मिलिग्रॅमच्या मर्यादेला ही विश्वासार्हता किती अवघड आहे ते पाहा. यंत्र निर्दोष आहे, फुंकर पूर्ण आहे, पंधरा मिनिटेही थांबलो आहोत. फक्त रक्त आणि श्वास यांचे प्रमाण १५०० ते ३००० मध्ये बदलते एवढेच धरले, तर रक्तात नेमके ३० मिलिग्रॅम असणाऱ्या दोन माणसांना २१०० च्या गुणकाचे हे यंत्र ४२ आणि २१ असे आकडे दाखवील. पहिला टॅक्सी बोलावील, दुसरा खिशातली किल्ली काढील.